टांझानियातल्या लग्नाले बेबीमावशीचं मडकं

माह्या दुकानात एक पाटी लावेल हाये. 'पातळ पदार्थ घेतले जाणार नाहीत.' अक्षरं एवढाली मोठी की टॉवर चौकातून ऑटोत बसून जाणाऱ्या माणसालेही वाचता येते. आमचा धंदा परदेशात पार्सल धाडायचा. अकोल्यातले पोट्टे-पोट्ट्या कुठी कुठी जाऊन बसले, अन् त्यायच्या आया इथून कुरडया, खारोड्या, मेथीचे लाडू, घरचं तिखट धाडत राहते. सगळ्या बाया पाटी वाचते अन् ऐकते. एक माही बेबीमावशीच तेवढी पाटी वाचते अन् म्हणते, "हे दुसऱ्यायसाठी हाये."

मी धर्मेंद्र. माह्यं डोकं लवकर तापते, हे मले मान्य हाये. पण मावशीसमोर ज्याचं तापत नाही असा माणूस मी अजून पाह्यला नाही. देवीदासकाका, तिचे मालक, एवढे शांत माणूस, तेही आयुष्यात दोनदा तापले. दोन्ही वेळा तेच चुकीचे निघाले.

मावशी राहते तेल्हाऱ्याले. काका जिनिंगमधले फिटर. कपसातून सरकी वेगळी करायची मशीन बसवणं, बिघडली तं उभी करणं, हे त्यायचं काम. आपल्या इकडच्या जिनिंगच्या मशिनी आफ्रिकेत जाऊ लागल्या तसे मशिनीसोबत आपले फिटरही गेले. काका टांझानियात गेले अन् मावशी त्यायच्या मांगं गेली. गावातल्या बाया म्हणे, आफ्रिकेत जाऊन काय करशीन व? ती म्हणे, तेल्हाऱ्यात काय करून राहिली मी?

तिथं गेली तं चहूकडे कपसाची पऱ्हाटी अन् ज्वारी. मावशी सांगते, "मले वाटलं बस फिरून परत तेल्हाऱ्यातच आली." जिनिंगच्या कंपाउंडले लागून नीमाचं घर. नीमा तिच्याच वयाची. हिले तिची भाषा येत नव्हती, तिले हिची. सुरुवातीले दोघी नुसत्या एकमेकीच्या चुलीपाशी बसायच्या अन् बोटानं दाखवायच्या. एक दिवस मावशीनं पाह्यलं, नीमानं ज्वारी भिजवली, तिले मोड आणले, वाळवली, मोड चोळून काढले, भरडली, शिजवली अन् मडक्यात ओतली. वरून जुन्या मडक्याच्या तळाचा साका टाकला. मावशीले वाटलं आंबील करून राहिली. दोन-तीन दिवसांनी नीमानं एक गिलास हाती देल्ला. मावशीनं तो पेला, आणखी एक मांगतला, अन् घरी येऊन काकाले लग्नात त्यायच्या घरच्यायनं काय काय कमी केलं होतं ते भर दुपारी उभं राहून सगळं ऐकवलं. तवा काकाच्या ध्यानात आलं की ही आंबील नाही, ही बीअर हाये.

आता तिथं हे मडकं लावणं बायायचंच काम. नीमाले ते तिच्या मायनं शिकवलं होतं. मावशीले कोणती गोष्ट येत नाही असं कोणी म्हटलेलं तिले खपत नाही, म्हणून तिनं तेही शिकून घेतलं. भाषा शिकली, मडकं शिकली. स्वतः चमचाभर चाखते, जास्त नाही. पहिल्या दिवसाचा अनुभव तिले पुरला.

मंग एकदा असं झालं की पावसात रस्ता तुटला, जिनिंगची गाडी गावात नव्हती अन् नीमाच्या पोटात दुखाले लागलं. मावशीनं तिचं बाळंतपण केलं. या दोन हातायत पोरगी आली, असं ती आजही हात पुढं करून सांगते. नीमानं पोरीचं नाव बेबी ठेवलं. ती पोट्टी आता नोकरीले लागली, मोठी बाई झाली, तरी बेबीच हाये.

नीमाच्या घरची एक रीत होती. पोरीच्या लग्नात मायच्या मैत्रिणी एकेक मडकं लावते. मांडवात सगळे मडके रांगेत ठेवते. जिच्या हातात ती पोरगी जन्मली, तिचं मडकं पहिलं. ते उघडल्याशिवाय कोणी घोट घेत नाही. बाळंतिणीच्या खाटेवरूनच नीमा म्हणाली होती, "बेबीच्या लग्नात तुह्यं मडकं पहिलं." मावशी म्हणाली, "माह्यंच राहीन." मावशीचा शब्द म्हणजे गेलेला शब्द असतो, तो परत घेता येत नाही.

तिथून परत येताना तिनं साड्यायच्या घडीत एक पुडी आणली. मडक्याच्या तळाचा साका अन् ज्वारीचा भरडा एकत्र थापून वाळवेल वड्या. ती त्याले विरजण म्हणते. आपण दह्याचं विरजण जसं चालू ठेवतो तसं तिनं ते तेल्हाऱ्यात चालू ठेवलं. वर्षातून दोनदा लहानसं मडकं लावाचं अन् तळाच्या साक्याच्या पुन्हा वड्या घालाच्या. त्या वड्या गच्चीवर वाळत घातल्या की हुबेहूब खारोड्या. एका वर्षी काकानं त्या खारोड्या समजून तळल्या अन् चहासोबत खाऊन टाकल्या. डब्याच्या कोपऱ्यात चुरा उरला होता, त्याच्यावर मावशीनं सगळं पुन्हा उभं केलं. तेव्हापासून तो डबा देवाच्या फळीखाली राहते अन् काका तिकडं पाहतही नाही. गावात कोणी त्याले दारू म्हटलं तं मावशी त्याच्या घरची सगळी माहिती चौकात सांगते, म्हणून कोणी म्हणत नाही.

यंदा उन्हाळ्यात नीमाचा फोन आला. बेबीचं लग्न ठरलं, आषाढात. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डॉक्टरनं लांबच्या प्रवासाले साफ नाही म्हटलं. मावशी दुसऱ्याच दिवशी माह्या दुकानात आली.

"मी नाही जाऊ शकत तं मडकं जाईन. बाटल्या भरून देतो, तू धाड."

मी तिले सरळ सांगतलं. घरची बीअर पार्सलनं जात नाही. कायदा हाये, विमान हाये, माह्यं दुकान हाये. वर ती चालू आंबण, बंद बाटलीत टिकत नाही. मी पाटीही दाखवली. तिनं सगळं ऐकलं अन् म्हणाली, "बरं."

मावशी बरं म्हणाली की समजून घ्याचं, तिनं आपलं काही ऐकलं नाही. मी नाही समजलो. पुढच्या आठवड्यात ती एक खोकं घेऊन आली. कापडात पक्कं शिवेल. "कुरडया हायेत. राहू दे तुह्या गोदामात, पत्ता मांगून सांगतो." माह्या मायची सख्खी बहीण, खोकं काय उसवून पाहू? ठेवलं मी.

आमच्या गोदामावर टीन हाये, अन् मे महिन्यात अकोल्याच्या टिनाखाली काय होते हे अकोल्याच्या माणसाले सांगाले नको. दुपारी जेवण करून डोळा लागला होता तं मांगून धडाम आवाज आला. मले वाटलं कुलरची मोटर गेली. उठून पाहतो तं मोटर चालू. तेवढ्यात दुसरा आवाज झाला, मंग तिसरा, मंग मोजाले वेळच नाही भेटला. आत गेलो तं आंबूस वास, भिंतीवरून काहीतरी घट्ट ओघळून राहिलेलं, अन् शेजारी गीतांजलीबाईच्या कुरडयायचं पार्सल, लेकीसाठी कॅनडाले जाणारं, ओलं चिंब. मी मावशीचं खोकं उसवलं. सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. एक वाचली होती. ती झाकणापर्यंत भरेल. बोटभर जागा सोडेल नाही.

मी तिथूनच फोन लावला. "मावशी, तुह्या कुरडया फुटल्या."

ती म्हणते, "सगळ्या?"

"काठोकाठ काहून भरल्या त्या? आंबणाऱ्या वस्तूले फुगाले जागा नको?"

"अरे, लग्नाच्या घरी धाडाचं अन् बाटली अपुरी देऊ? आपल्या घरी कोणाच्या हातात अपुरं भांडं देल्लं का कधी?"

मंग मात्र माह्या डोक्याचा पारा गेला. मी म्हटलं, हे विमानात झालं असतं तं तुह्या भाच्याले पोलीस स्टेशनात पाहाले आली असती तू. दुकानाले कुलूप लागलं असतं. त्या गीतांजलीबाईनं लेकीसाठी अख्खा आठवडा गहू भिजवून चीक काढला, तिले काय सांगू मी, का माही मावशी बीअर धाडून राहिली होती? लय बोललो. बोलायचं नाही तेही बोललो. मावशी उलटून बोलली नाही तवा मले शंका आली. कान लावून ऐकलं तं ती रडून राहिली होती.

"धर्मेंद्र," ती म्हणाली, "तिथं सगळ्यायचे मडके रांगेत लागन अन् पहिली जागा रिकामी राहीन. नीमा काय सांगन लोकायले? पोरीले झेलणारी बाई पोरीले विसरली?"

मी तिले रडताना एकदाच पाह्यलं होतं, माही माय गेली तवा. मी म्हटलं, रडू नको, पाहू काहीतरी. फोन ठेवला अन् फडकं घेऊन भिंत पुसत बसलो.

गीतांजलीबाईले मावशीनं स्वतः येऊन खरं काय ते सांगतलं अन् घरून नव्या कुरडया आणून देल्ल्या. बाई आधी फणफणली, मंग चीक कसा काढला हे एकमेकीले विचारत दोघी तासभर माह्याच दुकानात बसल्या. गिऱ्हाईक उभं अन् ह्या गप्पा मारून राहिल्या. काका स्टुलावर बसून होते. त्यायनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मडकं काहून धाडता? विरजण धाडा न. ज्वारी दळेल, वड्या वाळेल. पाणी तं तिथंही हाये."

मी लगेच आमचे पार्सल विमानात चढवणाऱ्या मुंबईच्या कंपनीले फोन लावला. वाळेल भरडा, वाळेल वड्या, काय वस्तू हाये ती खरी लिहून देल्ली तं घेता का? त्यायनं दहा प्रश्न विचारले अन् घेतो म्हटलं.

पण मावशीचं तोंड उतरेलच. "लावन नीमा, अन् मडकं माह्यं कसं?"

"तुह्या घरी दही कोण लावते?"

"सून लावते."

"अन् पाहुणे आले की काय म्हणते तू? माह्या घरचं दही. सुनेचं नाव घेतलं का कधी?"

गीतांजलीबाई पदर तोंडाले लावून हसली. मावशीनं मले एक चापट मारली अन् तयार झाली. नीमाले फोन लावला. नीमा आता शहरात राहाले आली होती, म्हातारी माय तिच्याजवळच होती. मडके लावणं तिनं केव्हाचंच सोडून देल्लं होतं, पण विसरली नव्हती. म्हणाली, धाड तू, मी लावतो.

आता विरजण होतं कुठी? सगळं तं बाटल्यायत गेलं होतं. जी एक बाटली वाचली होती तिच्या तळाच्या साक्यावर मावशीनं नवं मडकं लावलं, नव्या वड्या घातल्या. ज्वारी तेल्हाऱ्याची, स्वतःच्या वावरातली. काकाले गच्चीवर जायची बंदी झाली. पण तोवर मृग लागला अन् आभाळ भरून राहू लागलं. वड्या वरून कोरड्या, आतून ओल्या. मी रोज फोन करू, ती रोज म्हणे, ओलं विरजण देऊन मी नीमाचं मडकं नासवू का? तिचं खरं होतं. अन् माह्यंही खरं होतं, कारण तिथं पोचाले आठवडा, मडकं लागाले दोन-तीन दिवस, अन् लग्न तोंडावर. शेवटी मी सांगतलं, या शुक्रवारची गाडी शेवटची. ती गेली तं तुह्यं विरजण लग्न झाल्यावर पोचन.

शुक्रवारी दुपारी ऊन पडलं, वड्या वाळल्या, अन् दोघं तेल्हाऱ्याहून बसनं निघाले. मी घडी घडी फोन करून राहिलो, काका म्हणे, येऊन राहिलो. ते दुकानाच्या पायऱ्या चढले तवा मुंबईची गाडी बाहेर उभी होती अन् ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला होता. भरड्याची पिशवी काकानं काउंटरवर ठेवली. वड्यायचा डबा मावशीच्या हातात. मी हात पुढं केला.

मावशी माह्या खांद्यावरून मांगं पाहून राहिली होती. मांगं गणपतीपुढं दिवा लागेल होता.

"दिवा केव्हा लावला?"

"आत्ताच. दे लवकर."

तिनं डबा छातीशी धरला. "मंग आता नाही देत. दिवेलागण झाली. दिवे लागल्यावर घरातलं विरजण देत नाही बाहेर."

मले आधी वाटलं चेष्टा करून राहिली. तिचं तोंड पाह्यलं तं चेष्टा नव्हती. मी म्हटलं, मावशी, हे दही नाही, बीअर हाये. ती म्हणे, विरजण ते विरजण. मी म्हटलं, पहिली जागा रिकामी राहीन, तूच रडून राहिली होती न? ती म्हणे, राहू दे रिकामी, पण लग्नाच्या पोरीले अवलक्षणी वस्तू मी देणार नाही, तिच्या संसाराले काही झालं तं? डोळे तिचे भरून आले होते अन् डबा काही सुटत नव्हता. ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, "भौ, निघू का?" मी त्याच्यावर ओरडलो. काकावर ओरडलो, ते तं काही बोललेही नव्हते. गणपतीवर ओरडणार होतो, तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली. मी रोज गिऱ्हाइकायले सांगत असतो, आता लावू नका फोन, लेक तिकडं झोपली असन.

"मावशी, हे देऊन कोणाले राहिली? मले का नीमाले?"

"नीमाले."

"मंग नीमाच्या घरी दिवस बुडाला का?"

माह्या सांगण्यावर तिचा भरोसा नाहीच, तिनं स्वतः फोन लावला, चेहरा दिसणारा. नीमाले तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. नीमा गोंधळली, मावशीनं कारण समजावून सांगतलं, तशी ती एवढी हसली की फोन हलाले लागला. मंग उठून अंगणात गेली अन् फोन फिरवला. टिनायवर ऊन चमकून राहिलं होतं. दोरीवर कपडे, खाली कोंबड्या, कोंबड्यायच्या सावल्या. एक म्हातारी उन्हात पाय पसरून बसेल होती. मावशीनं ते सगळं नीट पाह्यलं, फोन डोळ्याजवळ नेऊन पाह्यलं.

"लख्ख ऊन हाये," ती म्हणाली. अन् डबा दोन्ही हातानं माह्या हातात देल्ला. डबा झाकणापर्यंत भरेल होता, पण त्या दिवशी मी काही बोललो नाही.

पार्सल पोचलं. मंग सुरू झालं फोनवरचं मडकं. नीमा तिथं शिजवून राहिली अन् मावशी तेल्हाऱ्यातून तिच्यावर वसकून राहिली. काका सांगत होते, एवढी तं ती सुनेवर वसकत नाही. आधण निवू दे, झाकण घट्ट नको लावू, वरून जागा सोड. वरून जागा सोड, हे मावशी सांगून राहिली होती, अन् तेही मलेच शिकवल्याच्या थाटात.

लग्नाच्या दिवशी दोघं आमच्या घरी आले, कारण आमच्या टीव्हीवर फोन मोठा दिसते. माही बायको मोनालीनं सगळं जोडून देल्लं. मावशी नवी साडी नेसून, नथ घालून, टीव्हीसमोर खुर्चीत ताठ बसली. मांडवात लोकायची गर्दी, मडक्यायची रांग, अन् रांगेत पहिलं मडकं, त्याच्या गळ्याले पिवळं फडकं बांधेल. नवरी बेबी कॅमेऱ्यासमोर आली अन् मावशीले वाकून नमस्कार करून गेली. तो नमस्कार तिले कोणी शिकवला असन हे विचाराची गरज नव्हती.

नीमानं पहिलं मडकं उघडलं. पहिला पेला तिनं तिच्या म्हाताऱ्या मायले देल्ला, तीच जी उन्हात पाय पसरून बसेल होती. म्हातारीनं घोट घेतला. थांबली. आणखी एक घेतला. मंग नीमाचा हात धरून काहीतरी म्हणाली. नीमानं तोंडावर हात ठेवला. अन् इकडे मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

मी विचारलं, "काय झालं? बिघडलं का?"

मोनालीनं मावशीले पाणी देल्लं, ते तिनं बाजूले ठेवलं. "म्हातारी म्हणते, हे माह्या मडक्याचं हाये. माह्या मायनं मले देल्लं होतं ते. नीमानं गाव सोडलं, मडके सोडले, मी समजली ते संपलं. इतकी वर्षं कुठी होतं?"

टीव्हीतून म्हातारी पुन्हा तेच विचारून राहिली होती. मावशीनं डोळे न पुसताच तिले उत्तर देल्लं. त्यातला एकच शब्द मले समजला. तेल्हारा.

"अन् मी ते तळून खाल्लं होतं," काका हळूच म्हणाले. मावशी रडता रडता हसाले लागली, मोनाली हसली, अन् मी हसलो की काय केलं ते मले माहीत नाही, माह्या चष्म्यातून काही दिसून नव्हतं राहिलं.

त्यानंतर मडके एकामांगून एक उघडले. नाच झाला, गाणे झाले, नीमा फोन कुठीतरी टेकवून विसरून गेली अन् आमी जेवणाचे ताट हातात घेऊन लग्न पाहत बसलो. तिथं आभाळ लाल झालं, मंग काळं झालं, मांडवात बल्ब लागले. पहिलं मडकं रिकामं झालं तशा बाया नीमाभोवती जमल्या. कोणाच्या हातात वाटी, कोणाच्या हातात डबी. तळाचा साका मांगून राहिल्या होत्या, ते सांगाले भाषा येणं लागत नाही.

मावशी ताठ झाली. फोनकडे हात नेला, काहीतरी ओरडून सांगणार होती. तेवढ्यात तिकडे नीमानं मडक्यावर दोन्ही हात ठेवले, त्या बायायकडे पाहून दोन शब्द बोलली, अन् बायायनं आपापल्या वाट्या मांगं घेतल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मावशी परत खुर्चीत टेकली. "म्हणते, उद्या सकाळी या. आता दिवस बुडाला."